अपग्रेडनंतर सिनॅप्टिक का उघडत नाही?

लिनक्सची नवी आवृत्ती चढवली, यंत्र पुन्हा सुरू झाले, ब्राउझर चालतो, वायफाय चालते, फोटो जागेवर आहेत. दोन दिवसांनी डिस्कवरची जागा नव्याने वाटायला म्हणून तुम्ही जीपार्टेडच्या आयकॉनवर क्लिक करता. कर्सर क्षणभर गरगरतो आणि थांबतो. विंडो नाही, पासवर्डची विचारणा नाही, काही चुकले असे सांगणारा संदेशही नाही. सिनॅप्टिक उघडून पाहता, तिथेही तेच. बाकी सगळे ठणठणीत, फक्त यंत्राची व्यवस्था पाहणारी साधनेच रुसलेली.

अशा वेळी बहुतेक जण प्रोग्रॅम काढून पुन्हा बसवतात. त्याने क्वचितच काही होते, कारण प्रोग्रॅम बिघडलेलाच नसतो. बदललेले असते ते तुम्ही, रूट आणि पडदा या तिघांमधले नाते. आणि त्यातला बराचसा बदल मुद्दाम, सुरक्षेसाठी केलेला असतो. हे माहीत नसले की माणूस नेटवर सापडलेली पहिली आज्ञा टर्मिनलमध्ये चिकटवतो. साधन उघडते, पण त्याबरोबर यंत्राचे एखादे दारही कायमचे उघडे राहते. म्हणून उपायाआधी कारण पाहू. (या लेखात आज्ञा उच्चारानुसार देवनागरीत लिहिल्या आहेत, टर्मिनलमध्ये त्या अर्थातच रोमन अक्षरांत द्यायच्या.)

पहिले काम म्हणजे मुक्या प्रोग्रॅमला बोलते करणे. आयकॉनवर क्लिक केल्यावर प्रोग्रॅम तक्रार करत नाही असे नाही. ती तक्रार तुमच्या डोळ्यांपर्यंत पोहोचत नाही, एवढेच. टर्मिनल उघडा आणि प्रोग्रॅमचे नाव टाइप करून तो तिथून चालवा. तक्रार तिथेच छापली जाईल. तेवढ्याने भागले नाही तर एका टर्मिनलमध्ये 'जर्नलसीटीएल -एफ' चालू ठेवा आणि मग आयकॉनवर क्लिक करा. यंत्राच्या रोजनिशीत त्या क्षणी काय लिहिले जाते ते डोळ्यांसमोर सरकताना दिसेल. या दोन गोष्टी केल्याशिवाय पुढे जाऊ नये असे माझे ठाम मत आहे, कारण 'विंडो उघडत नाही' हे एकच लक्षण निदान तीन अगदी वेगळ्या आजारांत दिसते.

पहिला आजार पडद्याचा. संदेशात 'कॅनॉट ओपन डिस्प्ले' किंवा 'नो प्रोटोकॉल स्पेसिफाइड' असे शब्द असतील तर तो हाच.

लिनक्सवर विंडो काढण्याचे काम अनेक दशके 'एक्स' नावाच्या व्यवस्थेकडे होते. तिची सुरुवात १९८४ मध्ये एमआयटीत झाली आणि आज वापरात असलेली अकरावी आवृत्ती १९८७ची. तिची कल्पना अशी, की पडदा, कीबोर्ड आणि माउस एका सर्व्हरच्या ताब्यात असतात. प्रत्येक प्रोग्रॅम त्या सर्व्हरकडे जाऊन 'मला एक विंडो दे' म्हणतो. कोणालाही विंडो देऊन चालणार नाही, म्हणून एक यादृच्छिक अंक तयार करून फाइलमध्ये ठेवला जातो. ज्याला तो अंक दाखवता येईल त्याला आत प्रवेश. या अंकाला तिथे 'कुकी' म्हणतात, पण ब्राउझरच्या कुकीशी त्याचा संबंध नाही. परवलीचा शब्द समजा.

तुम्ही सूडो लावून जीपार्टेड चालवता तेव्हा तो प्रोग्रॅम रूटच्या नावाने चालतो. रूटला तुमची कोणतीही फाइल वाचता येते, आणि परवलीची फाइल कुठे आहे हा पत्ता सूडो सहसा बरोबर पाठवतो. रूट फाइल वाचतो, अंक दाखवतो, विंडो मिळवतो. वर्षानुवर्षे हे निर्विघ्न चालले.

यात एक मोठी खोट होती. एक्समध्ये एकदा आत आलेला प्रोग्रॅम दुसऱ्या कोणत्याही प्रोग्रॅमच्या विंडोत काय टाइप होते आहे ते ऐकू शकतो. तुम्ही टर्मिनलमध्ये रूटचा पासवर्ड टाइप करत असाल आणि शेजारी एखादा फुकट मिळालेला गेम चालू असेल, तर त्या गेमला तो पासवर्ड टिपून घेता येतो. त्यासाठी कोणताही व्हायरस लागत नाही, कारण एक्सची रचनाच तशी आहे. १९८४ मध्ये विद्यापीठाच्या आवारात सगळे एकमेकांना ओळखत होते, तेव्हा यात कोणाला वावगे वाटले नसावे.

ही आणि इतर बरीच जुनी दुखणी निस्तरायला २००८ मध्ये क्रिस्टियन होग्सबर्ग यांनी 'वेलँड'ची सुरुवात केली. वेलँडमध्ये एका प्रोग्रॅमला दुसऱ्याची विंडो दिसत नाही आणि त्याचा कीबोर्डही ऐकू येत नाही. फेडोरा २५ने नोव्हेंबर २०१६ मध्ये ग्नोमसाठी वेलँड मूळ निवड म्हणून स्वीकारले. उबंटूने ऑक्टोबर २०१७च्या १७.१० आवृत्तीत ते आणले, १८.०४ मध्ये एक्सकडे परत गेले आणि २१.०४पासून पुन्हा वेलँडकडे वळले. डेबियनने २०१९च्या दहाव्या आवृत्तीत तोच मार्ग धरला. म्हणजे अपग्रेड करणाऱ्याच्या नजरेत न भरता पडद्याची अख्खी व्यवस्थाच खालून बदलली. वॉलपेपर तोच, आयकॉन तेच, म्हणून शंकाही येत नाही.

जुने प्रोग्रॅम चालत राहावेत म्हणून वेलँडच्या आत 'एक्सवेलँड' नावाचा छोटा एक्स सर्व्हर चालतो. गंमत अशी, की सुरुवातीच्या काळात ग्नोमने या एक्सवेलँडला परवलीचा अंकच दिला नव्हता. 'ज्या वापरकर्त्याने लॉगिन केले आहे, फक्त त्याचेच प्रोग्रॅम आत घे' एवढीच त्याला सूचना होती. रूट हा वेगळा वापरकर्ता. तो दारात आला की एक्सवेलँड त्याचे नाव पाहतो, यादीत नाही म्हणतो आणि परत पाठवतो. जो रूट तुमची सगळी डिस्क पुसू शकतो, त्याला साधी एक विंडो मिळत नाही! हे विचित्र वाटते खरे, पण विंडो द्यायची की नाही हे सर्व्हर ठरवतो आणि त्याच्या लेखी रूट म्हणजे आणखी एक पाहुणा.

पुढे ग्नोमने एक्सवेलँडसाठीही परवलीची फाइल बनवायला सुरुवात केली. त्यामुळे अलीकडच्या आवृत्त्यांवर सूडोने उघडलेले साधन बहुधा चालून जाते. 'माझ्याकडे तर चालते' असे मित्र सांगतो आणि तुमच्याकडे चालत नाही, यामागे अनेकदा एवढाच फरक असतो. तुम्ही कोणत्या व्यवस्थेवर आहात ते ग्नोमच्या सेटिंग्जमध्ये, यंत्राची माहिती देणाऱ्या पानावर 'विंडोइंग सिस्टिम' या ओळीत दिसते.

आता उपाय. नेटवर सर्वांत आधी सापडणारा म्हणजे 'एक्सहोस्ट +'. हा देऊ नका. नुसत्या अधिक चिन्हाचा अर्थ 'कोणालाही आत सोड' असा होतो. प्रयोगशाळेतल्या सामायिक संगणकावर दहा जणांची खाती असतात आणि निम्मे लोक दुरून लॉगिन केलेले असतात. अशा यंत्रावर हे केले तर त्या दहांपैकी कोणालाही तुमच्या एक्सच्या विंडोंमध्ये डोकावता येते. खरोखर गरज असेल तर 'एक्सहोस्ट +एसआय:लोकलयूजर:रूट' असे लिहा. त्याने फक्त याच यंत्रावरच्या रूटला प्रवेश मिळतो. काम झाले की त्याच आज्ञेत अधिकच्या जागी वजा चिन्ह लावून तो प्रवेश काढून घ्या. जीपार्टेडच्या कर्त्यांनी नंतर नेमके हेच आपल्या प्रोग्रॅममध्ये बसवले: उघडताना रूटला आत घ्यायचे, बंद होताना बाहेर काढायचे. त्यामुळे जीपार्टेडची अडचण असेल तर त्याची नवी आवृत्ती घेणे हाच सर्वांत सोपा उपाय.

लॉगिनच्या पडद्यावरच्या दातेरी चाकातून एक्सचे सत्र निवडणे हा दुसरा तात्पुरता मार्ग. पण तो आता आटत चालला आहे. ऑक्टोबर २०२५च्या उबंटू २५.१० मध्ये ग्नोमचे एक्स सत्र उरलेलेच नाही.

दुसरा आजार परवानगीचा. इथे साधन पडद्यापर्यंत पोहोचतच नाही. पासवर्ड विचारणाराच गैरहजर असतो.

जुन्या शॉर्टकटमध्ये 'जीकेसू' किंवा 'जीकेसूडो' लिहिलेले असायचे. पासवर्डची छोटी चौकट दाखवून अख्खा प्रोग्रॅम रूट म्हणून चालवणारे ते साधन. २०१८ मध्ये डेबियनने ते काढून टाकले आणि उबंटू १८.०४ मध्येही ते नाही. तुम्ही स्वतः बनवलेला किंवा दहा वर्षांपूर्वी कोणीतरी करून दिलेला शॉर्टकट अपग्रेडनंतर गप्प झाला असेल, तर आधी हेच तपासा. संदेश अगदी साधा असतो: 'कमांड नॉट फाउंड'.

त्याची जागा 'पोलकिट'ने घेतली, आणि त्यातली रोजची आज्ञा 'पीकेएक्झेक'. दिसायला ती सूडोसारखी, पण स्वभाव वेगळा. पीकेएक्झेक रूटला कामाला पाठवते ते रिकाम्या हाताने. पडदा कोणता, परवलीची फाइल कुठे, हे पत्ते ती बहुतेक वेळा पुसून टाकते. विंडो असलेल्या प्रोग्रॅमला ते पत्ते हवे असतील तर त्या प्रोग्रॅमच्या धोरण-फाइलमध्ये 'अलाउ-जीयूआय' अशी नोंद असावी लागते. सिनॅप्टिकबरोबर अशी फाइल येते, तुम्ही हाताने बसवलेल्या एखाद्या साधनाबरोबर येत नाही. म्हणून तेच साधन सूडोने चालते आणि पीकेएक्झेकने 'कॅनॉट ओपन डिस्प्ले' म्हणते. संदेश पडद्याचा, दुखणे परवानगीचे. इथे भले भले फसतात.

पासवर्डची चौकट दाखवण्याचे काम 'एजंट' नावाचा वेगळा छोटा प्रोग्रॅम करतो. ग्नोममध्ये तो आतच असतो. पण एक्सएफसीई, एलएक्सक्यूटी किंवा आय-थ्रीसारख्या हलक्या वातावरणात तो लॉगिनबरोबर स्वतंत्रपणे सुरू व्हावा लागतो, आणि अपग्रेडमध्ये नेमका तोच दुवा तुटतो: पॅकेजचे नाव बदलते, फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये जाते, आपोआप सुरू होण्याच्या यादीतली ओळ जुन्याच पत्त्यावर बोट दाखवत राहते. क्लिक केल्यावर काहीच न होणे हे याचे खास लक्षण. खात्री करायची सोपी युक्ती आहे. टर्मिनलमधून पीकेएक्झेक चालवा. पासवर्डची विचारणा चौकटीत न येता टर्मिनलमध्येच अक्षरांत आली, तर एजंट झोपलेला आहे.

डेबियन १२ वर, म्हणजे जून २०२३ नंतर, आणखी दोन गोष्टी झाल्या. पीकेएक्झेक वेगळ्या पॅकेजमध्ये गेली, त्यामुळे ती यंत्रावर नसूही शकते. आणि पोलकिटचे नियम जावास्क्रिप्टमध्ये लिहिण्याची पद्धत लागू झाली. 'या गटातल्या लोकांना पासवर्डशिवाय प्रिंटर जोडू द्या' असे नियम जुन्या, 'पीकेएलए' प्रकारच्या फाइलींत लिहिलेले असतील, तर जुनी पद्धत समजणारे जादा पॅकेज बसवल्याशिवाय ते वाचलेच जात नाहीत. फाइल जागेवर, मजकूर बरोबर, पण वाचणारा बदललेला. संस्थांमधल्या संगणकांवर हा प्रकार डोके खातो.

या भागातली एक जुनी जखमही सांगितली पाहिजे. जानेवारी २०२२ मध्ये क्वालिस या कंपनीच्या संशोधकांनी पीकेएक्झेकमधला एक दोष जाहीर केला. २००९ मधल्या पहिल्या आवृत्तीपासून तो तिथे होता, आणि त्यामुळे यंत्रावरचा कोणताही साधा वापरकर्ता रूट होऊ शकत होता. दुरुस्ती हाती येईपर्यंत अनेकांनी पीकेएक्झेकचा 'सेटयूआयडी' हा खास अधिकार काढून घेतला. तात्पुरता उपाय म्हणून ते योग्यच होते. पण तो अधिकार गेला की पीकेएक्झेकवर अवलंबून असलेली सगळी साधने बंद पडतात. 'पीकेएक्झेक मस्ट बी सेटयूआयडी रूट' असा संदेश आला, तर हाताने अधिकार परत देण्यापेक्षा ते पॅकेज ताज्या आवृत्तीसह पुन्हा बसवा. अधिकार परत येईल आणि दोष गेलेला असेल.

तिसरा आजार भाषेचा, आणि विज्ञानात काम करणाऱ्यांना तो हमखास होतो. व्यवस्थापनाची बरीच साधने पायथॉनमध्ये लिहिलेली असतात. पायथॉन २चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला आणि त्यावर उभी असलेली जुनी साधने नव्या आवृत्त्यांतून गळाली. ते उघडच आहे. लपून राहते ते दुसरे: एखाद्या प्रकल्पासाठी नवा पायथॉन बसवताना कोणीतरी यंत्राचा मूळ 'पायथॉन३' हा दुवाच त्या नव्याकडे वळवतो. उबंटूची स्वतःची साधने ज्या पायथॉनबरोबर जुळवलेली असतात तो आता समोर येत नाही, आणि 'नो मॉड्यूल नेम्ड एपीटी_पीकेजी' किंवा 'नो मॉड्यूल नेम्ड जीआय' असे उत्तर मिळते. 'सॉफ्टवेअर अँड अपडेट्स'ची विंडो उघडत नाही, कधीकधी टर्मिनलसुद्धा उघडत नाही. दुवा मूळ जागी वळवला की सगळे पूर्ववत होते. कोंडा वापरत असाल तर त्याचे वातावरण बंद करून साधन पुन्हा चालवून पाहा. यंत्राचा पायथॉन यंत्रासाठी सोडावा आणि आपला वेगळ्या वातावरणात ठेवावा. ही शिस्त नव्या विद्यार्थ्याला पहिल्याच आठवड्यात लावावी असे मला वाटते.

निदान होईपर्यंत काय करू नये हेही महत्त्वाचे. फाइलींच्या परवानग्या सरसकट '७७७' करण्याचा सल्ला हटकून मिळतो. त्याने बरे होत नाही, उलट सूडो आणि एसएसएच यांच्या फाइली अशा उघड्या दिसल्या की ती दोन्ही काम करायलाच नकार देतात. मग साधनही नाही आणि रूटही नाही. दुसरी सवय म्हणजे एडिटर किंवा फाइल मॅनेजर सूडोने उघडणे. उबंटूच्या जुन्या आवृत्त्यांत सूडो होम फोल्डर तुमचेच ठेवत असे, त्यामुळे रूट म्हणून चाललेला प्रोग्रॅम तुमच्याच घरात रूटच्या मालकीच्या फाइली टाकून जायचा. त्यांतली एखादी लॉगिनला लागणारी असली की बरोबर पासवर्ड देऊनही तुम्ही पुन्हा लॉगिनच्याच पडद्यावर येता. १९.१०पासून उबंटूने ही पद्धत बदलली, पण तेव्हा पडलेल्या फाइली अपग्रेडबरोबर पुढे आलेल्या असू शकतात. 'फाइंड' आज्ञेला तुमचे होम फोल्डर आणि '-यूजर रूट' सांगितले की यादी मिळते. त्यांची मालकी स्वतःच्या नावावर करून घ्या.

मग सरळ मार्ग कोणता? नव्या पद्धतीच्या साधनांत विंडो आणि अधिकार वेगळे केलेले असतात. ग्नोमचे 'डिस्क्स' घ्या. त्याची विंडो तुमच्याच नावाने चालते. डिस्कला हात लावायचे काम पार्श्वभूमीवर चालणारी 'युडिस्क्स' ही सेवा करते, आणि या माणसाला एवढे काम करू द्यावे का, ते पोलकिटला विचारते. रूटला पडद्याशी बोलावेच लागत नाही, म्हणून पडदा एक्सचा की वेलँडचा याने फरक पडत नाही. फायरवॉलची 'फायरवॉल-कॉन्फिग' याच धर्तीवर आहे. व्यवस्थेची एखादी फाइल बदलायची असेल तर 'सूडोएडिट' वापरा. ती फाइलची प्रत तुमच्या नावाने एडिटरमध्ये उघडते आणि जतन केल्यावर मूळ जागी ठेवते. पॅकेजांसाठी सिनॅप्टिकचीच सवय असेल तर ती सोडायची गरज नाही, पण तो अडला त्या दिवशी 'एपीटी'ने तेच काम दोन ओळींत होते.

आपल्यापैकी अनेकांनी पुण्या-नाशकाच्या घरी आईबाबांच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स घालून दिलेले आहे, आणि अपग्रेडचे पुण्यकर्म सुट्टीत उरकून परतलेलो आहोत. तिथे साधन उघडेनासे झाले की फोनवर 'काय दिसतंय?' याचे प्रामाणिक उत्तर 'काहीच नाही' हेच असते. दुरून पडदा दाखवणारी कित्येक जुनी साधनेही वेलँडवर अडतात, कारण दुसऱ्याच्या विंडो पाहायलाच तिथे मनाई आहे. म्हणून पुढच्या भेटीत त्या लॅपटॉपवर एसएसएच चालू करून ठेवा. पासवर्डऐवजी किल्लीने प्रवेश ठेवा, आणि घरच्या राउटरमध्ये भोक पाडण्यापेक्षा व्हीपीएनमधून जा. एसएसएचवरून विंडो लागत नाही, एजंट लागत नाही. 'जर्नलसीटीएल -बी' म्हटले की आज सकाळी यंत्र सुरू झाल्यापासूनची सगळी रोजनिशी तुमच्या टर्मिनलमध्ये हजर होते, आणि बाबांना एकही ओळ वाचून दाखवावी लागत नाही.